रागाचा रकाना कुठे आहे? स्वतःच्या ध्वनिफाइली डिजिटल संगीतसंग्रहात जोडताना

प्रस्तुत पाठाचा विषय वरवर पाहता साधा आहे. तुमच्याजवळ काही ध्वनिफाइली आहेत. काही जुन्या कॅसेटवरून संगणकावर घेतलेल्या, काही सीडीवरून उतरवलेल्या, काही कुणी पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलेल्या. त्या तुम्हाला संगणकावरच्या किंवा फोनवरच्या संगीतसंग्रहात जोडायच्या आहेत. फाइल उचलून संग्रहाच्या खिडकीत टाकली की दोन मिनिटांत काम होते, आणि ते कसे करायचे हे प्रत्येक प्लेअरच्या मदतपानावर दिलेले असते. आपल्याला इथे विचार करायचा आहे तो त्यानंतर समोर येणाऱ्या तक्त्याचा. गाण्याचे नाव, कलाकार, अल्बम, वर्ष, प्रकार असे रकाने त्यात असतात आणि ते भरा, असे आपल्याला सांगितले जाते.

हा तक्ता तटस्थ नाही. संगीत म्हणजे काय, त्याचा एकक कोणता, ते कुणाचे मानायचे, याविषयी त्याचे एक ठाम मत आहे. ते मत तीन-चार मिनिटांच्या पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यावरून बनलेले आहे. ख्यालाची किंवा ठुमरीची फाइल जोडताना हा साचा कुठे अडतो आणि त्या अडण्यात कोणती माहिती गळून पडते, ते आपण पाहू.

तक्त्याचा उगम

एमपी३ ही ध्वनी दाबून साठवण्याची पद्धत. तिच्या मूळ रचनेत गाण्याचे नाव लिहायला जागा नव्हती. १९९६ साली एरिक केम्प याने फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक शेपटी जोडण्याची युक्ती काढली. तीच आयडी३ टॅगची पहिली आवृत्ती. या १२८ बाइटांची वाटणी अशी होती: टॅगची खूण पटवायला ३, नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, टिपणाला ३० आणि उरलेला एक बाइट संगीतप्रकाराला. अक्षरे पश्चिम युरोपीय लिपीतली. देवनागरीला त्यात स्थानच नव्हते.

तीस अक्षरे म्हणजे किती, हे करून पाहा. रोमन लिपीत ‘राग बसंती केदार - विलंबित तीनताल’ असे लिहा आणि अक्षरे मोजा. ‘विलंबित’ या शब्दानंतरची मोकळी जागा तिसावी येते. म्हणजे ताल कापला जातो. बंदिशीच्या मुखड्याला तर वावच नाही.

संगीतप्रकाराचा एक बाइट याहून बोलका आहे. मूळ यादीत ८० प्रकार होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. त्यात पोल्का या युरोपीय नृत्यसंगीताला ७५ हा क्रमांक मिळाला. ख्याल, ध्रुपद, ठुमरी, कव्वाली, कृती यांपैकी कशालाही मिळाला नाही. किशोरी आमोणकरांची फाइल जोडताना तुमच्यापुढे दोन पर्याय असत: ३२, म्हणजे ‘क्लासिकल’, जिथे शेजारी बेथोवन, किंवा ४८, म्हणजे ‘एथनिक’, जिथे युरोप-अमेरिकेबाहेरचे सगळे जग एका गोणीत. पुढे विनॅम्प या प्लेअरने यादी वाढवली तेव्हा १२६ व्या क्रमांकावर ‘गोवा’ हा प्रकार आला. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ ही नावे आठवून आनंद मानू नका. तो गोवा समुद्रकिनाऱ्यावरच्या ट्रान्स संगीताचा आहे.

१९९८ मध्ये आयडी३ची दुसरी आवृत्ती आली. लांबीचे बंधन गेले, युनिकोडमुळे देवनागरी लिहिता येऊ लागली आणि रकाने डझनांनी वाढले. फाइलला जोडलेल्या चित्राचे एकवीस प्रकारही तिने ठरवून दिले. पुढचे मुखपृष्ठ, मागचे मुखपृष्ठ, गायकाचे छायाचित्र, असे करत यादी सतराव्या प्रकाराशी पोहोचते तेव्हा तिथे ‘भडक रंगाचा मासा’ आहे. ही प्रमाणक रचणाऱ्यांची थट्टा आहे आणि थट्टेला माझा आक्षेप नाही. पण माशाला अधिकृत क्रमांक असलेल्या प्रमाणकात रागाला क्रमांक नाही, हे लक्षात ठेवायला सोपे आहे म्हणून सांगितले.

तीन रकाने, तीन अडचणी

‘गाण्याचे नाव’ हा पहिला रकाना घ्या. ख्यालाला नाव नसते. त्याला राग असतो, ताल असतो, लय असते आणि बंदिशीचे पहिले शब्द असतात. या चारही गोष्टी एकाच रकान्यात कोंबाव्या लागतात, आणि प्रत्येक जण त्या वेगळ्या क्रमाने कोंबतो. परिणामी संग्रहातले सगळे मालकंस एकत्र पाहायचे म्हटले तर यंत्राला ते सांगता येत नाही. कुठे ‘मालकंस’, कुठे ‘मालकौंस’. कुठे ‘भूप’, कुठे ‘भूपाली’. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्या वाचकाकडे मोहनम आणि हिंदोलम हे त्यांचे स्वरबंधू असतात, ते तर आणखी वेगळ्या ठिकाणी.

या गोंधळाचे सर्वांत दूर गेलेले उदाहरण पृथ्वीवर नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली गेली तिच्यात केसरबाईंनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. नासाच्या प्रसिद्ध यादीतील तिची नोंद पाहा: देश भारत, मग ‘राग’ हा शब्द, मग रचनेचे नाव, मग गायिकेचे. राग कोणता, ते लिहिलेले नाही. ‘राग’ हा जणू एक वाद्यवृंदाचा किंवा गाण्याचा प्रकार असावा, तसा तो शब्द तिथे ठेवला आहे. पाठवणाऱ्यांची निवड उत्तम होती. तक्ता अपुरा होता.

दुसरा रकाना ‘कलाकार’. एकवचनी. तबलजी, संवादिनीवादक, सारंगिये, मागे तंबोऱ्यावर बसून आवाजाची साथ करणारा शिष्य यांना तिथे जागा नाही. दुसऱ्या आवृत्तीत साथसंगतीसाठी एक रकाना आहे आणि वादकांच्या यादीची तरतूदही पुढे २००० च्या आवृत्तीत झाली. पण बहुतेक प्लेअर ती यादी दाखवत नाहीत, म्हणून कुणी ती भरत नाही. मुळात सीडीवर आवाज असतो, नावे बहुधा नसतात. सीडी संगणकात घातल्यावर जी नावे आपोआप उमटतात ती आधीच्या कुणा ऐकणाऱ्याने टंकून एका सामायिक यादीत टाकलेली असतात. त्याला विचारले गेले नाही ते त्याने लिहिले नाही, आणि तुम्हाला ते मिळाले नाही. छापील कव्हरवर तबलजीचे नाव असूनही संग्रहातून ते नाहीसे होते ते असे.

याच रकान्यात आपण स्वतः आणखी एक गोंधळ घालतो. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे यंत्राच्या हिशेबी तीन गायक आहेत. शिवाय ‘पं.’ लिहिले की निम्मे हिंदुस्थानी संगीत ‘प’ खाली आणि उरलेले ‘उस्ताद’मुळे ‘उ’ खाली जाते. यावर उपाय आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. दाखवण्याचे नाव आणि क्रम लावण्याचे नाव असे दोन वेगळे रकाने बऱ्याच प्लेअरमध्ये असतात. दाखवताना आदराची उपाधी ठेवा, क्रमासाठी ती वगळा. मात्र आडनाव पुढे आणू नका. आपल्याकडे भीमसेनांना कुणी ‘ज’ खाली शोधत नाही, आणि तो नियम लावला तर ‘खाँ’ या एका आडनावाखाली डझनावारी गवई दाटीवाटीने बसतील.

तिसरा, ‘अल्बम’. हा शब्दच मुळी तबकड्या ठेवायच्या पुठ्ठ्याच्या वहीवरून आला. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अशा वहीत विकल्या जात. मैफल ही वही नव्हे. ती एका संध्याकाळी, एका ठिकाणी होते. मारव्यापासून सुरू होऊन भैरवीपर्यंत जाते. तिचा क्रम हा तिचा अर्थ असतो. तिला अल्बम ठरवायला हरकत नाही, पण मग नाव द्या ते गावाचे आणि तारखेचे. ‘उत्कृष्ट गाणी भाग २’ असे नव्हे.

अल्बमच्या रकान्याची एक चांगली बाजूही सांगायला हवी. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. गीते ५६, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, आणि मूळ प्रसारणात गायक अनेक. या फाइली नुसत्या जोडल्या आणि फोल्डर आपोआप लावण्याची सोय चालू असली, तर रामायण गायकागणिक फुटून संग्रहभर विखुरते. ‘अल्बमचा कलाकार’ हा वेगळा रकाना सर्व गीतांना सारखा भरला की ते पुन्हा एक होते. गीतकार आणि संगीतकार यांचे स्वतंत्र रकानेही इथे नेमके बसतात. म्हणजे साचा जिथे रचना आणि रचनाकार निश्चित आहेत तिथे चालतो. कर्नाटक कृतीचेही तसेच: त्यागराजांचे नाव संगीतकाराच्या रकान्यात सहज मावते. रागम-तानम-पल्लवीपाशी आल्यावर मात्र कर्नाटक श्रोताही ख्यालाच्या श्रोत्याशेजारी येऊन उभा राहतो.

स्वराचा आणि लयीचा रकाना असतो ना, असे कुणी म्हणेल. असतो. ‘की’ हा रकाना जास्तीत जास्त तीन अक्षरांचा आहे आणि त्यात पाश्चात्त्य स्वरनाम अपेक्षित आहे. त्यात राग लिहू नये. गायकाचा षड्ज कुठला, काळी एक की पांढरी चार, हे मात्र तिथे लिहिता येईल, आणि अभ्यासकाला ते उपयोगी पडेल. मिनिटाला ठोके किती, हा रकाना सरळ रिकामा सोडा. विलंबितात एक मात्रा चार-चार सेकंदांची होते आणि त्याच फाइलच्या अखेरीस द्रुत तराणा चालू असतो. एक आकडा कशाचा लिहिणार?

आवाजातच लिहिलेली माहिती

आपल्या परंपरेला नोंदी ठेवायचे वावडे होते, असा निष्कर्ष यावरून काढला जातो तो मला मान्य नाही. नोंद होती, पण ती आवाजाच्या बाहेर नव्हती. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगते. ती ऐट होती असे समजणारे बरेच आहेत. कारण व्यवहारी होते: तबकड्या जर्मनीत हानोव्हरला घडवल्या जात, आणि तिथल्या कारागिराला लेबल कुणाचे लावायचे ते कळावे लागे. ही नोंद फाइलीपासून सुटी होऊ शकत नाही. लेबल उडाले, खोके हरवले, तरी नाव उरते.

बंदिशीतली मुद्राही अशीच. सदारंग, फैयाज खाँचे ‘प्रेमपिया’, जगन्नाथबुवा पुरोहितांचे ‘गुणीदास’ ही नावे रचनेतच गुंफलेली असतात. तुकोबांच्या अभंगातल्या नाममुद्रेबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. संगीतकाराचा रकाना भरताना आधी बंदीश शेवटपर्यंत ऐका. सदारंगाच्या नावावर मागाहून किती रचना चढल्या हा वेगळा वाद, तेव्हा मुद्रा सापडली तर ‘मुद्रा सदारंग’ असे लिहिणे ‘संगीतकार सदारंग’ लिहिण्यापेक्षा प्रामाणिक.

आणि आकाशवाणीचे निवेदन. गायकाचे नाव, राग, ताल, तबल्याची साथ कुणाची, संवादिनीची कुणाची, असे एका दमात सांगून गाणे सुरू होई आणि संपल्यावर पुन्हा सांगितले जाई. वर ज्या रकान्यांची उणीव मोजली ते सगळे त्या अर्ध्या मिनिटात आहेत. तरीही कॅसेट डिजिटल करताना लोक सर्वांत आधी हेच कापतात. निवेदन, तंबोरे जुळवणे, ‘जरा पेटी कमी करा’ हे माइकवर आलेले बोलणे, मधली दाद हे सगळे ‘स्वच्छ’ फाइलीसाठी काढून टाकले जाते. मग स्वच्छ केलेल्या फाइलीला टॅग लावायला बसल्यावर तबलजी कोण हे आठवत नाही. हे करू नका. ऐकायला सुटसुटीत फाइल हवी असेल तर वेगळी प्रत काढा आणि मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा.

बदल शक्य आहे का

शक्य आहे, हे दोन उदाहरणांवरून दिसते. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे श्रोते याच साच्याने गांजले होते. सिम्फनीचे चार भाग चार सुटी गाणी होत. २०१६ मध्ये आयट्यून्सने त्यांच्यासाठी ‘रचना’ आणि ‘भाग’ असे नवे रकाने दिले, आणि २०२३ मध्ये ॲपलने अभिजात संगीतासाठी स्वतंत्र ॲपच काढले. म्हणजे तक्ता दगडात कोरलेला नव्हता. ज्यांची मागणी पोहोचली त्यांच्यासाठी तो वाकला.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली कॉम्पम्युझिक हा प्रकल्प झाला, त्यात आयआयटी मुंबईचाही सहभाग होता. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची माहिती त्यांनी म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीकोशात घातली. आज त्या कोशात राग आणि ताल यांची रीतसर नोंद करता येते, हिंदुस्थानी आणि कर्नाटक वेगवेगळी. हे मोठे काम आहे. तरी एक त्रुटी नोंदवतो. तिथे राग हा ‘रचने’चा गुणधर्म मानला आहे. कृतीपुरते ते ठीक. पण आलापाला रचना कोणती? राग गायनाला चिकटतो, कागदावरच्या बंदिशीला नव्हे. एकच बंदीश घेऊन दोन घराण्यांचे गवई दोन वेगळ्या चालींनी राग मांडतात. इथेही पाश्चात्त्य कल्पना दारातून बाहेर काढली तर खिडकीतून आत आलेली दिसते.

तुमच्या हातातली फाइल

समजा, घरात एक कॅसेट सापडली. कव्हरवर बॉलपेनने ‘बुवा, गणेशोत्सव’ एवढेच आहे. ती संगणकावर घेताना वेव्ह स्वरूप वापरलेत तर लक्षात ठेवा, वेव्हमध्ये टॅग ठेवण्याची सर्वमान्य सोय नाही. पुष्कळ प्लेअर त्या फाइलीची माहिती स्वतःच्याच डेटाबेसमध्ये ठेवतात. पडद्यावर सगळे दिसते, फाइल दुसऱ्याला दिली की ती कोरी निघते. त्यासाठी फ्लॅक स्वरूप बरे. आवाजाची काहीही हानी होत नाही आणि त्यातले रकाने तुम्ही स्वतः निर्माण करू शकता. रकान्याचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, पण आतला मजकूर देवनागरीत चालतो. राग, ताल, तबला, संवादिनी, तंबोरा, ठिकाण असे रकाने करा. एमपी३ मध्येही स्वनिर्मित रकान्यांची तरतूद आहे, पण अनेक प्लेअर ते दाखवतच नाहीत. म्हणून तीच माहिती एका वाक्यात ‘टिपण’ या रकान्यातही लिहा. तो सगळीकडे दिसतो आणि त्यात शोधताही येते. ‘सकाळ’ हा एक शब्द तिथे घातला तर सकाळच्या रागांची स्मार्ट प्लेलिस्ट आपोआप बनते, जे वेळेचा रकाना नसलेल्या तक्त्याकडून एरवी होणार नाही.

घराण्याचा रकाना करू नका, असा माझा आग्रह आहे. तबला कुणी वाजवला हे तथ्य आहे. घराणे हा वाद आहे, आणि तीन गुरूंकडे शिकलेल्या गायकाला एका शब्दात बसवणे म्हणजे ज्या साच्याविषयी तक्रार केली तोच आपण पुन्हा घडवणे. रागाबद्दल खात्री नसेल तर प्रश्नचिन्हासह लिहा. अनवट रागाचे नाव गायकानेही कधी मुद्दाम सांगितलेले नसते.

कव्हरचे छायाचित्र काढून ते फाइलीला जोडा. आयडी३ च्या त्याच एकवीस प्रकारांत पत्रिकेच्या पानाला आणि माध्यमाच्या लेबलला जागा आहे. ते बॉलपेनचे अक्षर कुणाचे, हे घरात कुणाला माहीत असेल तर तेही टिपणात घाला, कारण त्या उत्सवाला हजर कोण होते याचा धागा तिथून लागतो. आणि काम सुरू करताना छापील कव्हरच्या कॅसेट बाजूला ठेवा, त्यांची माहिती इतरत्रही मिळते. ज्यांच्यावर काहीच लिहिलेले नाही त्या आधी घ्या आणि एखाद्या वयस्कर रसिकाला शेजारी बसवून ऐका. तबला कुणाचा, हे पहिल्या चार आवर्तनांत ओळखणारी माणसे अजून आहेत.